सोमवारची पोटदुखी

जून महिना उजाडला, की आजऱ्यात दोन गोष्टी हमखास येतात. एक पाऊस आणि दुसरी पोटदुखी. पाऊस आंबोलीच्या बाजूने येतो आणि पोटदुखी शाळेच्या बाजूने. मे महिन्यात आंबे, काजू, फणस मनसोक्त खाऊनही ज्यांचे पोट दुखले नाही, अशी पोरे शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत दवाखान्याच्या बाकावर पोट धरून बसलेली दिसतात. गेली २८ वर्षे मी हे पाहतो आहे. त्यातली बरीच वर्षे मी या मुलांना दोनच औषधे देत असे. एक जंताची गोळी आणि दुसरे म्हणजे ‘शाळा चुकवायची ढोंगे करू नकोस’ हा उपदेश. पहिले औषध कधी कधी लागू पडे. दुसऱ्याने नुकसान किती झाले, याचा हिशेब मी उशिरा मांडला. आजचा लेख त्या हिशेबाविषयी आहे.

साधारण दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्यातील एका गावाहून एक आजोबा सातवीतल्या नातवाला एस.टी.ने घेऊन आले. मुलाचे आईवडील पोटापाण्यासाठी मुंबईला. “डॉक्टरसाहेब, ह्येचं पोट सोमवारचंच दुखतंय बघा. ऐतवारी रानात हुंदडतंय आन् सोमवारी सकाळी पोट धरून बसतंय,” आजोबांनी तक्रार सांगितली. मी पोट तपासले. मऊ होते. ताप नाही, उलटी नाही, वजन ठीक. जंताची गोळी दिली. पुढच्या सोमवारी स्वारी पुन्हा हजर. रक्त, लघवी तपासली, गडहिंग्लजहून सोनोग्राफी करून आणायला सांगितली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. तिसऱ्या खेपेला मी आजोबांना म्हणालो, “काही झालेले नाही त्याला. शाळा चुकवतोय.” आजोबांनी दवाखान्याच्या पायरीवरच नातवाच्या पाठीत चार धपाटे घातले. मी आत पुढचा पेशंट तपासत होतो. आवाज ऐकू आला, पण उठलो नाही.

चौथ्या वेळी तो आला, तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. नंबर येईपर्यंत तो भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन उभा राहिला. तारीख वाचताना त्याचे नाक कागदाला टेकायचे तेवढे बाकी होते. मी त्याला हाक मारली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे केले आणि डोळे तपासायचा तक्ता वाचायला सांगितले. सर्वांत वरचे मोठे अक्षर सोडले, तर त्याला काही वाचता येईना.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. अंगाने उंच, म्हणून त्याची जागा मागच्या बाकावर. सोमवारी पहिल्या तासाला फळ्यावर गणिते लिहून दिली जात. ज्याचे चुकेल त्याने तास संपेपर्यंत उभे राहायचे. याला मुळात फळाच दिसत नव्हता. शेजाऱ्याच्या वहीत बघून तो आकडे उतरवून घेई, तेही चुकत, वर ‘कॉपी करतो’ म्हणून बोलणी बसत. वर्गात त्याचे नाव ‘मठ्ठ’ पडले होते. मी विचारले, “दिसत नाही हे कुणाला सांगितले का नाहीस?” तो म्हणाला, “सगळ्यांस्नी असंच दिसत आसंल असं वाटलं.”

वाचकहो, या उत्तराने मी गप्प झालो. ज्याला लहानपणापासून अंधुकच दिसते, त्याला स्वच्छ दिसणे म्हणजे काय हे ठाऊकच नसते. ते ओळखण्याचे काम मोठ्या माणसांचे. त्याच्या बाबतीत शिक्षक, आजोबा आणि डॉक्टर असे तिघेही त्यात नापास झालो होतो.

दुखणे खोटे नसते

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. भीतीने दुखणारे पोट खरोखर दुखत असते. मेंदू आणि आतडी यांच्यामध्ये मज्जातंतूंचे थेट दळणवळण आहे. भीती वाटली, की शरीरात अॅड्रिनलिनसारखी द्रव्ये वाढतात, हृदयाचे ठोके वाढतात, तोंडाला कोरड पडते, आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी न जाणवणारी कळ जाणवू लागते. परीक्षेच्या दिवशी तीनतीनदा शौचाला पळालेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. तेव्हा अशा मुलाला ढोंगी म्हणणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही.

अर्थात, प्रत्येक पोटदुखी मनाची समजू नये. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितका शारीरिक आजाराचा संशय अधिक धरावा. झोपेतून जागे करणारी कळ, उजव्या कुशीत खाली दुखणे, ताप, हिरवी उलटी, शौचावाटे रक्त, लघवीला जळजळ, वजन घटणे यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पण बेंबीभोवती दुखते, शाळेच्या दिवशी सकाळीच दुखते, सुट्टीत आणि रविवारी दुखत नाही, खेळताना विसरते, अशी पोटदुखी असेल, तर पोटाबरोबर शाळेचीही चौकशी करावी. कोण मारते? कोण चिडवते? फळा दिसतो का? शिकवलेले ऐकू येते का? कान फुटलेली कित्येक मुले मागच्या बाकावर बसून अर्धेच ऐकतात आणि ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खातात.

सात हजार तास

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान ८०० तास आणि सहावी ते आठवीला किमान १,००० तास शिकवणे बंधनकारक आहे. बेरीज केली, तर आठवीपर्यंत ७,००० तास होतात. घराखालोखाल मूल इतका वेळ दुसरीकडे कुठेही घालवत नाही. हाडे लांब होतात ती याच वर्षांत. मुलगी वयात येते, मुलाला मिसरूड फुटते तेही याच वर्षांत. कपाळामागचा मेंदूचा जो भाग विचार करणे, धीर धरणे, मोहाला आवर घालणे ही कामे करतो, तो तर विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो. म्हणजे शाळेत फक्त पाढे पाठ होत नाहीत. ‘मी कोण आहे, मला काय जमते, चुकलो तर माझे काय होईल’ या तीन प्रश्नांची उत्तरेही मूल तिथेच पाठ करते. आणि पाढे विसरता येतात, ही उत्तरे सहसा विसरत नाहीत.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्याआधी १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहे उभी करण्यास सुरुवात केली होती. खेड्यातल्या मुलाला वर्गाबरोबरच दोन वेळचे जेवण आणि निवारा मिळाला, तरच तो शिकेल, हे महाराजांनी ओळखले होते. डॉक्टर म्हणून मला वसतिगृह हा आरोग्याचाही विषय वाटतो.

दुसरे नाव तर आजरा तालुक्याचेच. थोर शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी बहिरेवाडीत झाला. ज्या दिवशी आपण शिक्षक दिन साजरा करतो, नेमका तोच दिवस. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. सर्व थरांतील मुलांसाठी समान शाळा, शिक्षणात हाताने काम करण्याचा अनुभव आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर, या या आयोगाच्या गाजलेल्या शिफारशी. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. पण फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट अशी, की आयुष्याच्या अखेरच्या काळात हा शिक्षणतज्ज्ञ आरोग्याकडे वळला. सामाजिक शास्त्रे आणि वैद्यकीय संशोधन या दोन्ही राष्ट्रीय परिषदांच्या संयुक्त अभ्यासगटात त्यांनी काम केले आणि ‘सर्वांसाठी आरोग्य’ या विषयावरचा त्या गटाचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. नुसती इस्पितळे आणि औषधे वाढवून आरोग्य येत नाही. अन्न, पाणी, स्वच्छता, गरिबी आणि शिक्षण यांच्याशी ते बांधलेले आहे, हा त्याचा गाभा. बहिरेवाडीत जन्मलेल्या माणसाने हे सांगून चाळीस वर्षे उलटली. मला ते कळायला एक मुलगा चार वेळा दवाखान्यात यावा लागला.

आळशी मुलगी

मुलींची कथा थोडी वेगळी. चार वर्षांपूर्वी एक आई आठवीतल्या मुलीला घेऊन आली. “सारखी झोपतीया बघा. अभ्यासात ध्यान नाही. हिचं बाबा म्हणत्यात, शिकायचंच नसेल तर घरात बसव, स्थळं येत्यात.” मुलीचे डोळे आणि नखे पाहिली, पांढरीफटक. हिमोग्लोबिन ८.२. पाळी सुरू होऊन दीड वर्ष झालेले, सकाळी फक्त चहा-बटर खाऊन शाळेला जाणारी. ही मुलगी आळशी नव्हती, तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे लोहच पुरेसे नव्हते. लोह कमी पडले, की दम लागतो हे आपल्याला माहीत असते. पण लक्ष लागत नाही, पाठ केलेले राहत नाही, चिडचिड होते, हीसुद्धा त्याचीच लक्षणे आहेत.

तिला लोहाच्या आणि जंताच्या गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झाले आणि स्थळांचा विषय आपोआप मागे पडला. आणखी एक गोष्ट तिच्या आईला हळूच विचारल्यावर कळली. शाळेच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नसत आणि लघवी दाबून धरत. वर्षात दोनदा तिला लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता तो यामुळे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदाच सांगतो. त्या समितीतल्या दोन आयांनी विषय काढला आणि आठवड्यात कडी बसली. माझ्या कुठल्याही प्रतिजैविकापेक्षा त्या कडीने जास्त काम केले.

ही एका मुलीची गोष्ट समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. शाळा सुटली, की लग्न लवकर, मग बाळंतपण लवकर आणि आईच्याच अंगात रक्त नसल्याने बाळ कमी वजनाचे, अशी ही साखळी आहे. आई जितकी शिकलेली, तितकी तिची मुले जगण्याची शक्यता अधिक, हे देशोदेशी दिसून आलेले आहे. म्हणून मुलीला शाळेत टिकवणे हे पुढच्या पिढीचे लसीकरणच समजावे.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुलामुलींनी जरूर घ्यावी. ती जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. लिंबू, आवळा, पेरू यांनी लोह चांगले शोषले जाते. गोळीने शौच काळसर होते, त्याला घाबरू नये.

झोप, दप्तर आणि मोबाईल

तेरा ते अठरा वयाच्या मुलाला रोज ८ ते १० तास झोप हवी, सहा ते बारा वयाच्या मुलाला ९ ते १२ तास. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेत. रात्री बारापर्यंत मोबाईल आणि पहाटे पाचला क्लास, असा दिनक्रम म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणे. लहान मुलांच्या झोपेचा विचार करून राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय घेतला. पण नऊपर्यंत झोपायचे नव्हे, रात्री वेळेवर झोपवायचे, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे. ३० किलोच्या मुलाच्या पाठीवर ३ किलोपेक्षा जास्त नको. घरातल्या वजनकाट्यावर एकदा तोलून बघा. रोज किमान तासभर घाम येईपर्यंत खेळ हवा आणि शक्यतो उघड्यावर. मोकळ्या उजेडात दिवसाला दोन तास घालवणाऱ्या मुलांमध्ये जवळच्या नजरेचा चष्मा लागण्याचे प्रमाण कमी दिसते. दहावीचे वर्ष म्हणून खेळ बंद करणारे पालक मुलाचा अभ्यास वाढवत नाहीत, फक्त खुर्चीवरचे तास वाढवतात.

निकालाचे दिवस

आता थोडे कठीण बोलतो. निकालाच्या आठवड्यात मी रात्री फोन उशाशी घेऊन झोपतो. कारण आपल्याकडे शेतात फवारायच्या औषधाची बाटली गोठ्यात, माळ्यावर, कधी कधी देवळीतही हाताशी असते. मुलाच्या मनात आलेला टोकाचा विचार बहुधा काही काळाने ओसरतो. त्या काळात विष हाताशी नसेल, तर जीव वाचतो. म्हणून घरातली कीटकनाशके आणि तणनाशके कायम कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्यांकडे. मूल अचानक गप्प झाले, जेवण-झोप सुटली, आवडीच्या वस्तू वाटू लागले, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलू लागले, तर ते नाटक नव्हे. त्याला एकटे सोडू नका, रागावू नका, थेट विचारा. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन हलके होते. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. अनुत्तीर्ण मुलांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. गुणपत्रिका दुसरी मिळते, मूल दुसरे मिळत नाही.

पालक आणि शिक्षकांसाठी

१. वर्षातून एकदा मुलाचे डोळे, कान, दात, वजन, उंची आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या तपासणीदिवशी मूल घरी ठेवू नका.

२. सकाळी उपाशी पाठवू नका. चहा-बटर म्हणजे न्याहारी नव्हे. नाचणीची भाकरी, उसळ, अंडे, काहीही घरचे चालेल.

३. शिक्षकांनी बाकांची जागा दर आठवड्याला बदलावी. मागच्या बाकावरचे मूल पुढे आल्यावर सुधारले, तर दोष डोक्यात नसून डोळ्यांत किंवा कानांत होता असे समजावे.

४. शाळेत मारणे आणि मुलाचा मानसिक छळ करणे याला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. ‘मठ्ठ’, ‘आळशी’ ही विशेषणे वर्गाबाहेर आणि घराबाहेर ठेवा.

५. ‘किती मार्क पडले?’ याच्या आधी ‘आज काय कळले नाही?’ हे विचारा. न कळलेले सांगायला घरात जागा असेल, तर मुलाला पोटातून सांगावे लागत नाही.

तो चष्मा लागलेला मुलगा पुढे दहावी झाला, आयटीआय केली आणि आज कोल्हापूरला वीजजोडणीची कामे करतो. चष्मा लागल्यावर त्याची पोटदुखी पंधरा दिवसांत थांबली होती. गेल्या गणपतीत तो भेटायला आला. बोलता बोलता कामाच्या बिलाचा विषय निघाला, तर हसून म्हणाला, “डॉक्टर, हिशेब दुसऱ्याकडून करून घेतो. गणित आपल्याला जमत नाही.” जो दिवसभर व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे हाताळतो, तो हे म्हणत होता! नजर सुधारायला एक चष्मा पुरला, पण सातवीत पाठ झालेले ते उत्तर अजून पुसलेले नाही. त्यात माझ्याही अक्षराचा भाग आहे.

तेव्हा वाचकहो, आजच एक करा. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा फुटांवर मुलाला उभे करा. आधी एक डोळा तळहाताने झाकून, मग दुसरा झाकून तारखा वाचायला सांगा. तुम्हाला दिसते ते त्याला दिसत नसेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. पाच मिनिटांचे काम आहे, पैसा लागत नाही. आणि येत्या सोमवारी त्याचे पोट दुखलेच, तर रागावण्याआधी दोन मिनिटे त्याच्याशेजारी बसा.